सगळ्यात हळू चालणारी पुढं

आजारपणाबद्दल लिहा, दुसऱ्या पेशंटना धीर येईल, असं आमच्या ओपीडीतल्या समुपदेशक मॅडम वर्षभर माझ्या मागं लागल्या होत्या. लिहितेय. पण धीर देण्यासाठी नाही. धीर हवा असेल त्यानं दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं, छान छान लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. मला एका डोंगराबद्दल आणि त्या डोंगरावर अर्ध्या वाटेत बसलेल्या माझ्या नणंदेबद्दल सांगायचंय. ते सांगायचं तर आधी माझा आजार सांगावा लागतो.

मी मंगल. वय एकोणपन्नास. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या स्टोअरला पंधरा वर्षं आहे. बेल्ट, बेअरिंग, हातमोजे, सगळं माझ्या खिडकीतून जातं. स्लिपवर सही नसेल तर मी साधा नटसुद्धा देत नाही. सुपरवायझर असो नाहीतर मालकाचा भाचा, खिडकीवर आला की त्याला खरं बोलावं लागतं. फौंड्रीत माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात. घरात मात्र मी काय केलं ते आता वाचाच.

रिपोर्टचा दिवस

डाव्या छातीतली गाठ मला आंघोळ करताना लागली. महिनाभर मी तिच्याकडं काणाडोळा केला, मग एकदाचं दाखवलं. सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट घ्यायला आम्ही नवरा-बायको गेलो.

डॉक्टर काय म्हणाले ते शब्द आज आठवत नाहीत. आठवतंय ते आमच्या ह्यांचं पहिलं वाक्य. हे साखर कारखान्यात फिटर आहेत, मशीनसमोर कधी न घाबरणारा माणूस. ते म्हणाले, "डॉक्टर, हे बाहेर कळता कामा नये. लोकांना काय सांगायचं?"

 डॉक्टर म्हणाले, लोकांचं नंतर बघू, आधी ऑपरेशनचं बोलू.

ह्यांच्या बोलण्याला कारण होतं. आमच्या ऋतुजाला आठच दिवसांपूर्वी पुण्याच्या मुलाकडची माणसं बघून गेली होती. मुलगा चांगला, घर चांगलं, होकार यायचा बाकी होता. आईच्या छातीत कॅन्सर म्हटल्यावर तो पोरीच्याही अंगात असणार, असं कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही. नुसता निरोप यायचा बंद होतो.

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये माझे धाकटे दीर येऊन थांबले होते. तिथंच मोटारसायकलला टेकून दोघा भावांनी ठरवलं की पित्ताशयात खडा झालाय असं सांगायचं. खडा कुणालाही होतो, ऑपरेशन लागतं, चार दिवस दवाखान्यात राहावं लागतं, आणि खडा म्हटल्यावर पुढचं कुणी विचारत नाही. दिरांनी लगेच दोन पाहुण्यांना फोन लावून सांगूनही टाकलं. मी पर्स पोटाशी धरून शेजारी उभी होते. मला कुणी विचारलं नाही हे खरं. पण दिरांनी "चालंल न्हवं वहिनी?" म्हणून माझ्याकडं बघितलं तेव्हा मी मान हलवली. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. मला ते बरंच वाटलं होतं, हे मी आज लिहून टाकते.

खुर्ची

ऑपरेशन झालं. एका बाजूला काही उरलं नाही. मग केमो सुरू झाली.

केमोचा हॉल लांबलचक असतो. ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक बाटली, आणि समोर टीव्हीवर आवाज बंद करून लावलेली मालिका. सकाळी आठला रक्त, दहाला डॉक्टर, अकराला सुई. चौथ्या खेपेपासून माझी शीर सापडायची बंद झाली. एक सिस्टर होती, ती शीर सापडेपर्यंत माझ्याशी भाज्यांबद्दल बोलायची. वांगी कुठली चांगली, शेपूला काय फोडणी द्यायची. तिनं मला एकदाही "तुम्ही किती धीराच्या" असं म्हटलं नाही, म्हणून तिचे उपकार मी विसरणार नाही.

बाकी सगळे म्हणायचे. भिंतीवर तर पोस्टरच होतं, योद्धा, झुंज, विजय. कसली झुंज? आम्ही खुर्चीत बसून सुई टोचून घेत होतो आणि घरी जाऊन बादलीत ओकत होतो. तोंडाला सदा लोखंडाची चव. भाताचा वास आला तरी पोट ढवळायचं. ऋतुजा माझ्या पाठीवरून हात फिरवत बसायची आणि मधेच फोन वाजला की बाहेर जाऊन मैत्रिणींना सांगायची, आईचं पथ्य चाललंय, खड्याचं. पोरगी माझ्यापेक्षा सफाईनं खोटं बोलायला शिकली.

बालाजी

दुसऱ्या केमोपर्यंत डोक्यावर एक केस राहिला नाही. आता आली का पंचाईत. खडा काढल्यावर केस कसे गेले?

ह्यावर तोड सासूबाईंनी काढली. म्हणाल्या, बालाजीला नवस होता म्हणायचं. आमच्याकडं घरटी एक माणूस तिरुपतीला जाऊन आलेलं असतं, बायकासुद्धा केस देऊन येतात, कुणाला त्याचं नवल वाटत नाही. दिरांच्या ओळखीचं कोणीतरी जाणार होतं, त्याच्याकडून लाडू मागवले. मी आतल्या खोलीत पडून होते आणि सासूबाई गल्लीत माझ्या नवसाचा प्रसाद वाटत होत्या. कोपऱ्यावरची एक म्हातारी तर घरात येऊन माझ्या पाया पडून गेली. मी उशीत तोंड घालून हसले, आणि मग थांबता येईना तेव्हा ऋतुजानं दार लावून घेतलं.

तो प्रसाद घ्यायलाच सुनंदा आली.

सुनंदा

सुनंदा ही ह्यांची चुलत बहीण. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माहेर आमच्याच मूळ गावातलं, गगनबावड्याच्या वाटेवरचं, आणि दिली हातकणंगल्याला. नवरा शेती बघतो, घरात चार म्हशी, दोन मुली. थोरली वैष्णवी तेव्हा अकरावीत, धाकटी सातवीत. सुनंदाचं लग्न झालं तेव्हा तिची पाठवणी करताना मी रडले होते, एवढा त्या पोरीचा मला लळा होता.

ती आली ती खरवस घेऊन. सगळ्यांशी बोलली, प्रसाद कपाळाला लावून खाल्ला. मग मी चहा टाकायला उठले तशी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि दार पुढं केलं. म्हणाली, वहिनी, मला हितं एक गाठ लागायलीय. दुखत न्हाय. माझा हात धरून तिनं तो स्वतःच्या छातीवर ठेवला. गाठ माझ्या बोटांना लागली. मला अशी गाठ माहीत होती.

तिनं विचारलं, "काय असंल, वहिनी? तुम्ही शिकल्याल्या हाईसा."

बाहेर सासूबाई बसल्या होत्या. पुण्याचा निरोप अजून आला नव्हता. माझ्या ब्लाउजच्या डाव्या बाजूला कापूस भरलेला होता आणि पदर मी दोन पिनांनी तिथंच टाचला होता. खरं सांगायचं तर मला तिला पदर काढून दाखवावं लागलं असतं. आणि सुनंदाच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे.

मी म्हणाले, "काय नसतंय. अंगावर पाजल्याल्या बायकांना असत्यात गाठी. दाखव की सवडीनं डॉक्टरला."

सवडीनं. हा शब्द मी वापरला. सुनंदाचा जीव भांड्यात पडला. तिनं चहा स्वतः ओतला, कपबश्या धुऊन ठेवल्या आणि हसत गेली.

मी स्वतःला सांगत राहिले की दाखव म्हटलं तर आहे आपण. चार म्हशी, दोन पोरी आणि सासू असलेल्या बाईला सवड कधी मिळते, हे मला कळत नव्हतं असं नाही.

पुढं महिन्याभरानं पुण्याहून नकार आला. कारण काय, तर पत्रिका जुळत नाही. ह्यांनी फोन ठेवला. मी म्हणाले, आता तरी सांगूया का लोकांना? ते म्हणाले, दुसरं स्थळ येणारच की. त्या दिवशी मला ह्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. पण मीही पुन्हा विषय काढला नाही.

दुसरा खडा

माझी ट्रीटमेंट संपली, केस उगवले, मी फौंड्रीत परत खिडकीवर बसायला लागले. वर्ष होत आलं असेल. एका रविवारी सासूबाई कुणाशी तरी फोनवर बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, अगं, आपल्या सुनंदाला पण खडा निघाला. ऑपरेशन झालं म्हणे.

मी कणीक मळत होते.  आमच्या घरात खडा म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. तिच्या सासूनं आमचंच बघून ठरवलं होतं. मंगलवहिनी नाही का बऱ्या झाल्या खड्यातून, मग आपल्या सुनेलाही खडाच. त्यांच्याही घरात दोन पोरी लग्नाच्या व्हायच्या होत्या.

सासूबाईंना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. आम्ही दोघीही एकमेकींकडं न बघता बोलत होतो.

मी सुनंदाला फोन केला नाही. उद्या करू, रविवारी करू, भेटायलाच जाऊ, असं करत अडीच महिने गेले. ओपीडीत समुपदेशक मॅडमनी डोंगराचा कागद पुढं केला तेव्हा मी लगेच सही केली ती ह्याच कारणानं. घरातून बाहेर पडायला मला काहीही चाललं असतं. जानेवारीतला एक दिवस, गगनबावड्याकडचा डोंगर, ट्रीटमेंट झालेली किंवा चालू असलेली आठ माणसं, सोबत मॅडम आणि एक वाटाड्या. घरी मी सांगितलं, कंपनीच्या बायकांची सहल आहे.

गाडी

सकाळी सहाला रंकाळा स्टँडजवळ गाडी उभी होती. थंडी मरणाची. मी आत चढले आणि मधल्या सीटवर स्वेटर घालून, डोक्याला गुलाबी स्कार्फ घट्ट बांधून सुनंदा बसली होती.

दोघींनी एकमेकींना बघितलं. ह्या गाडीत कोण बसतं, हे दोघींना माहीत होतं. मला खाली उतरून पळून जावंसं वाटलं, पण मागून एक आजोबा चढत होते आणि वाट नव्हती. भुवया नसलेलं तिचं तोंड मला ओळखू यायला क्षणभर वेळ लागला होता, आणि तिनं मला बघताक्षणी ओळखलं होतं.

तिची नजर माझ्या आखूड केसांवर गेली. मग ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "बसा वहिनी. तुम्ही बी बालाजीलाच निघालाय न्हवं?"

मागचे आजोबा हसले, त्यांना वाटलं चेष्टा चाललीय. मी तिच्याशेजारी बसले.  एकदा गाडी आदळली तेव्हा तिनं सवयीनं माझा हात धरला आणि लगेच सोडला.

चढण

वाटाड्याचं नाव संपत. पन्नाशीचा, सुकलेला, हातात वेताची काठी. पायथ्याला त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं. मॅडमनी आणलेले पांढरे टी-शर्ट त्यानं वाचले, छातीवर "विजेता" लिहिलेलं होतं, आणि काही न बोलता एकच नियम सांगितला. म्हणाला, "सगळ्यात हळू चालणारं माणूस फुडं. त्याच्या फुडं कुणी जायचं न्हाय. त्यो थांबला की सगळ्यांनी थांबायचं."

मग त्यानं आम्हाला दहा पावलं चालायला लावलं, दोन डोळ्यांनी सगळ्यांना जोखलं आणि सुनंदाला पुढं आणलं. "चला ताई. तुमचा डोंगार." तिच्या मागं मला लावलं, कारण मी तिची पाहुणी आहे असं तिनं सांगितलं होतं.

कुणाच्या मागून चालणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तिच्या टाचा, तिची सैल पडलेली सलवार, दर वीस पावलांनी वर उचलले जाणारे खांदे, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आत काहीतरी अडल्यासारखा. तो कसला आवाज आहे हे मला मॅडमना विचारावं लागलं नाही. केमोच्या हॉलमध्ये असा श्वास घेणारी माणसं मी बघितली होती.

तरी ती चढत होती. हा तिच्या माहेरचा मुलूख. लहानपणी अशाच डोंगरावर शेरडं राखलेली पोरगी ती. वाटेत करवंदीच्या जाळ्या आल्या की हात लावायची, फळं नसताना. एका वळणावर संपतला तिनं वाट चुकताय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, चुकत न्हाय, तुमच्यासाठी जरा सोप्या अंगानं न्हेतोय. ती चिडली. म्हणाली, "मला सोपं नको." मला हसू आलं. ती अगदी पहिल्यासारखी होती.

अर्ध्यावर एक कातळ लागतो, त्याच्या सावलीत पाण्याचं छोटं टाकं आहे. तिथं पोचल्यावर सुनंदा बसली आणि पुन्हा उठायला बघितलं तर तिला उठता येईना. ओठ निळसर झाले होते. मॅडम घाबऱ्या झाल्या. संपतनं तिला कातळाला टेकवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे सांगितलं की ताईंचा डोंगर इथपर्यंत. हा नियम तुमच्यासाठी मोडतो, बाकीच्यांनी पुढं चला.

"मी बसतो हितंच," सुनंदा म्हणाली. "वहिनी बसतील जरा माझ्याजवळ, मग येतील."

कातळावर

सगळे मॅडमच्या मागून पुढच्या वळणाआड गेले. संपत जरा अंतरावर तंबाखू मळत बसला.

सुनंदानं मला सगळं सरळ सांगितलं. गाठ वाढली, काखेत आली, तेव्हा दाखवलं. तोवर छातीत आत गेलं होतं, फुप्फुसापर्यंत. डॉक्टरांनी विचारलं, एवढे दिवस काय केलंत? तिनं सांगितलं, आमच्या वहिनी म्हणाल्या, काही नसतं.

मग तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "तवा तुम्हाला झाल्ता न्हवं? मी तुमचा हात धरला तवा?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग का न्हाय सांगितलासा?"

मी तिला तेच सांगितलं जे खरं होतं. ऋतुजाचं स्थळ. घर. लोक. तू बोलशील ही भीती. मी काही लपवलं नाही, निदान त्या वेळी तरी नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमच्या पोरीसाठी," ती म्हणाली. "माझ्याबी दोन हाईत की, वहिनी."

  मी तिची क्षमा मागितली. तिनं हात झटकला, माशी हाकलावी तसा.

मग ती कामाचं बोलली. पोरींना अजून काही माहीत नाही. घरात सासू आणि नवरा सांगू देत नाहीत. पण त्यांना कळायला हवं, कारण उद्या त्यांच्या अंगात गाठ लागली तर त्यांनी कुणाच्या स्वयंपाकघरात विचारत बसू नये. ते मी सांगावं, असं तिचं म्हणणं होतं. "मी सांगितलं तर आई मरणार एवढंच त्या ऐकत्याल. तुम्ही बऱ्या झाल्याल्या हाईसा. तुमच्याकडं बघून ऐकत्याल. मी हाय तवर सांगा."

मी तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले, सांगते. ह्या महिन्यातच येऊन सांगते.

"जावा आता वर," ती म्हणाली. "आल्यासारखं बघून या. माझ्या वाट्याचं बी."

वर

मी वर गेले. खोटं कशाला बोलू, पाय चांगले चालले. माथ्यावर देवीचं छोटं ठाणं आहे, पलीकडं खाली कोकण दिसतं. वारा कानात शिरत होता. मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं आणि ज्यानं त्यानं आपलं नाव आणि आजार मोठ्यानं सांगायचा, असं सुचवलं. माझी पाळी आल्यावर मी मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय मोठं केलं मी? तिथं बसलेल्या प्रत्येकाला तोच आजार होता.

मग फोटो. सगळे मॅडमनी आणलेला फलक धरून उभे राहिले. मी चटकन पुढं झाले आणि म्हणाले, द्या, मी काढते. मॅडमचा मोबाईल हातात घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीनंच झालं. त्या फोटोत मी नाही.

उतरताना सुनंदाला संपतनं आणि आजोबांनी हाताला धरून आणलं. खाली तिचा नवरा गाडी घेऊन आला होता. मला बघून तो दचकला आणि विचारायला लागला, वहिनी, तुम्ही हितं कशा? सुनंदानं मला बोलू दिलं नाही. म्हणाली, "कंपनीची सहल हाय त्यांची. वाटेत गाठ पडली." मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मागच्या सीटवर बसली आणि डोळे मिटले.

मी घरी काय सांगून निघाले, हे तिला मी सांगितलंच नव्हतं. तिनं आपल्याच मनानं ओळखलं होतं.

ह्या महिन्यातच

फेब्रुवारीत ऋतुजाला इचलकरंजीचं स्थळ आलं. मी म्हटलं, एवढं होऊन जाऊ दे. मार्चमध्ये वैष्णवीची बारावीची परीक्षा. परीक्षेच्या तोंडावर असलं काही कसं सांगायचं, असं मी मलाच विचारलं आणि मीच उत्तर दिलं. एप्रिलमध्ये सुनंदाला दवाखान्यात ठेवलं. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा तिची सासू उशाशी बसलेली. सुनंदानं विषय काढला नाही. दुसऱ्या खेपेला मी निघताना तिनं नुसतं विचारलं, "पोरी घरात हाईत, जाताना जाणार काय तिकडनं?" मी म्हणाले, आज उशीर झालाय, रविवारी जाते.

तो रविवार फौंड्रीत स्टॉक मोजायचा होता. मी गेले नाही.

मे संपता संपता सुनंदा गेली.

तेराव्याला तिची सासू आल्यागेल्याला सांगत होती की खडा आतल्या आत फुटला. बायका माना हलवत होत्या. मी त्यांच्यात बसले होते, वाढायला उठले, वाढून परत बसले. माझ्या डाव्या बाजूचा कापूस घामानं चिकटला होता.

त्यानंतर दहा दिवसांनी मी कामावरून अर्धी सुट्टी घेतली आणि हातकणंगल्याला गेले. घरात कुणाला विचारलं नाही. ह्यांना स्टँडवरून फोन करून सांगितलं की सुनंदाच्या पोरींना सगळं सांगायला चालले आहे, माझंही सांगणार आहे, आणि इचलकरंजीकरांना कळलं तर कळू दे.  हे एवढंच म्हणाले, सांभाळून जा.

वैष्णवी गोठ्यापाशी दुधाच्या किटल्या घासत होती. धाकटी शिकवणीला गेली होती. मी तिच्याजवळ पाट ओढून बसले आणि बसमध्ये मनात शंभर वेळा घोकलेलं सगळं सांगितलं. तुझ्या आईला खडा नव्हता. मलाही नव्हता. मी वेळेत सांगितलं नाही, म्हणून तिला उशीर झाला. तुम्ही दोघींनी मोठं झाल्यावर डॉक्टरला सांगायचं की आईला हे झालं होतं, तपासून घ्यायचं, आणि गाठ लागली तर त्याच आठवड्यात जायचं. कुणी काही म्हणू दे, लग्न मोडू दे.

ती किटली घासतच होती. मी थांबले तशी तिनं ती पालथी घातली.

"आमाला म्हाईत हाय, मामी," ती म्हणाली. "आईनं डोंगरावरनं आल्या दिवशीच सांगितलं. आज्जी म्हशी धुवायला गेल्ती तवा."

मला कळेना. मग तिनं मला कशाला सांगायला लावलं?

"म्हणाली, मामी सांगायला येतील. आल्या की पयल्यांदाच ऐकतोय असं करा, त्यांना बरं वाटंल." वैष्णवीनं दुसरी किटली ओढली. "मला न्हाय जमलं तसं करायला."

मी शेजारची एक किटली घासायला घेतली.

"दवाखान्यात असताना रोज इचारायची, मामी येऊन गेल्या काय म्हणून. आमी न्हाय म्हणायचो. मग शेवटच्या आठवड्यात आमीच सांगितलं तिला, आल्त्या. सगळं सांगून गेल्या."